कण्याचा बाक आणि वावरातले काम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शाळकरी मुलामुलींच्या कण्याला येणाऱ्या बाकाविषयी, म्हणजे ज्याला डॉक्टर ‘स्कोलिओसिस’ म्हणतात त्याविषयी, मागील अंकात याच सदरात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे तिशी-चाळिशी ओलांडलेल्या वाचकांची आहेत. त्यांचा बाक शाळेच्या वयात एक तर कोणाच्या लक्षात आला नाही, किंवा लक्षात येऊनही ‘मोठी झाली की होईल ठीक’ म्हणून सोडून देण्यात आला. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या स्वतःच्या कण्याला ३४ अंशांचा बाक आहे. मलाही लहानपणी हेच वाक्य ऐकवले गेले होते, त्यामुळे ही पत्रे मी एकापेक्षा अधिक वेळा वाचली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ३५ वर्षांची असून आर्वी तालुक्यात राहते. आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे. ती सांभाळून मी दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला आणि कापसाच्या वेचणीला जाते. नववीत असताना शाळेतल्या बाईंनी माझा एक खांदा उंच असल्याचे सांगितले होते. गेल्या दिवाळीनंतर उजव्या खांद्याच्या पात्याखाली आणि कमरेत दुखू लागले, तेव्हा तालुक्याला एक्स-रे काढला. त्यात ३० अंशांचा बाक सांगितला. सहा महिन्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरा एक्स-रे काढला, त्यात ३६ अंश आले. सहा महिन्यांत सहा अंश वाढले, तर दहा वर्षांत माझे काय होईल? सासूबाई सारख्या म्हणतात, “काऊन वाकडी उभी रायतं व, नीट उभी राय न.” आई म्हणते की मी पोटात असताना तिने ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले. मी पट्टा बांधावा काय? वेचणी सोडावी काय?

उत्तर : ताई, आधी एक्स-रेची भीती दूर करू, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. तुम्ही दोन्ही एक्स-रेंचे फोटो पाठवले, हे फार चांगले केले. पहिला एक्स-रे तुम्हाला टेबलावर निजवून काढलेला आहे आणि दुसरा उभे ठेवून. निजल्यावर शरीराचा भार कण्यावरून उतरतो आणि बाक काही अंशांनी कमी दिसतो. उभे राहिल्यावर तो खरा दिसतो. शिवाय हा कोन मोजण्याची जी पद्धत जॉन कॉब या अमेरिकी अस्थिशल्यविशारदांनी १९४८ मध्ये मांडली आणि जी आजही जगभर वापरली जाते, तिच्यात दोन मोजण्यांमध्ये पाचेक अंशांचा फरक सहज पडतो. त्यामुळे तुमच्या दोन आकड्यांवरून बाक वाढला असे म्हणताच येत नाही. यापुढे जेव्हा एक्स-रे काढाल तेव्हा तो उभ्याने, मानेपासून माकडहाडापर्यंतच्या पूर्ण कण्याचा, आणि शक्यतो त्याच ठिकाणी काढावा. हा दुसरा एक्स-रे जपून ठेवा, कारण यापुढची प्रत्येक तुलना त्याच्याशी होणार आहे.

आता दोष कोणाचा, याविषयी. कॉब कोन १० अंश किंवा त्याहून अधिक असला तर स्कोलिओसिस म्हणतात, आणि वाढत्या वयाच्या शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांमध्ये तो आढळतो. लहान बाक मुलगे आणि मुली दोघांतही दिसतात, पण मोठे बाक मुलींमध्ये कितीतरी अधिक असतात. दहांपैकी आठ जणांत त्याचे नेमके कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने, एका कुशीवर निजल्याने, वाकून अभ्यास केल्याने किंवा डोक्यावर पाण्याचा गुंड वाहिल्याने हा बाक येत नाही, आणि ग्रहणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ही गोष्ट तुमच्या आईला कोणी तरी शेजारी बसून सांगायला हवी, कारण पस्तीस वर्षे ती माउली स्वतःला दोष देत आली असेल.

सासूबाईंना काय सांगावे, हे जरा सविस्तर लिहिते. चवळीचा वेल काठीभोवती पीळ घेत वर चढतो, तसा हा कणा बाजूला कलतानाच स्वतःभोवती फिरलेलाही असतो. मणके फिरले की त्यांना जोडलेल्या फासळ्याही फिरतात, म्हणूनच वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसते. असा कणा कोणी कितीही सांगितले तरी छाती पुढे काढून सरळ होत नाही. तसे केल्याने पाठीचे स्नायू मात्र ताठरतात, श्वास वर-वर चालतो आणि तासाभरात पाठ भरून येते. तुम्ही वाकडे उभे राहता म्हणून कणा वाकलेला नाही. त्याऐवजी उभे राहताना एवढेच करा : दोन्ही पायांवर सारखा भार द्या, गुडघे किंचित सैल ठेवा, आणि कोणी शेंडी धरून हलकेच वर ओढत आहे अशा कल्पनेने मान लांब करा. श्वास सोडताना बेंबी अलगद आत घ्या. दिवसातून पंधरा-वीस वेळा, अर्ध्या-अर्ध्या मिनिटासाठी, चूल पेटवताना, एसटीची वाट पाहताना, हे केले तरी पुरेसे आहे. सतत ताठ राहण्याचा हट्ट सोडून द्या. पाठीला सर्वाधिक त्रास एकाच स्थितीत फार वेळ राहण्याचा होतो, मग ती स्थिती दिसायला कितीही सुबक असो.

पुढे काय होईल? हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर ३० अंशांहून कमी असलेले बाक सहसा वाढत नाहीत. ५० अंशांपुढचे, विशेषतः छातीच्या भागातले बाक, सरासरी वर्षाला एक अंशाच्या आसपास वाढू शकतात. तुमचा बाक या दोहोंच्या मधला आहे. तो स्थिर राहण्याची शक्यता चांगली आहे, तरी पाच वर्षांनी एकदा तपासून घ्यावा. अमेरिकेतील आयोवा राज्यात उपचार न झालेल्या अशा रुग्णांचा ५० वर्षांनंतर अभ्यास झाला आणि तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घकाळ पाठ दुखणाऱ्यांचे प्रमाण ६१ टक्के होते, तर बाक नसलेल्या त्याच वयाच्या लोकांत ते ३५ टक्के होते. म्हणजे पाठ दुखण्याची शक्यता अधिक असते, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु ज्यांची पाठ दुखत होती त्यांतील बहुतेकांचे दुखणे सौम्य किंवा मध्यम होते, आणि ही माणसे कामधंदा व संसार इतरांसारखाच करत वार्धक्यापर्यंत पोहोचली होती.

वेचणी सोडू नका; वेचण्याची रीत बदला. मी वेचणी करणाऱ्या बायांसोबत वावरात उभी राहिले आहे, म्हणून एक गोष्ट नेमकी सांगते. ओटी कमरेला बांधून सकाळी सुरुवात केली की पहिला तासभर काही जाणवत नाही. नंतर ओटी भरत जाते, तिचा भार पुढे आणि एका बाजूला लोंबू लागतो, आणि तो पेलण्यासाठी बाई नकळत दुसऱ्या बाजूला कलते. मजुरी किलोवर असल्याने धुऱ्यापर्यंतची, म्हणजे बांधापर्यंतची, फेरी वाचवण्यासाठी ओटी ठेचून भरेपर्यंत ती मोकळी केली जात नाही. तुमच्या पात्याखालचे दुखणे बहुधा या शेवटच्या दोन किलोंचे आहे. ओटी अर्धी झाली की मोकळी करा. त्यासाठी तासाच्या, म्हणजे झाडांच्या ओळीच्या, मधोमध एक रिकामे पोते नेऊन ठेवा, म्हणजे धुऱ्यापर्यंत जावे लागणार नाही. ओटीची गाठ एक दिवस उजवीकडे तर एक दिवस डावीकडे मारा. खालची बोंडे वेचताना कमरेतून लटकण्याऐवजी एक गुडघा जमिनीला टेकवा आणि दर काही झाडांनी गुडघा बदला. निंदणातही खुरपे चालवणारा हात नेहमी तोच असतो. दुसरा हात शिकायला आठ दिवस लागतात, पण शिकता येतो. कापसाचे गाठोडे एकटीने डोक्यावर चढवू नका. पाण्याचा गुंड कडेवर घेणे मात्र पूर्ण बंद करा, कारण त्याने कंबर एका बाजूला ढकलली जाते; दोन्ही हातांत दोन लहान बादल्या बऱ्या.

व्यायामाविषयी अनेकांनी विचारले आहे, म्हणून तुमच्या उत्तरातच लिहिते. बाकाची बाजू आणि जागा पाहून ठरवलेले व्यायाम वेगळे असतात. जर्मनीत काथारिना श्रॉथ यांनी १९२० च्या दशकात सुरू केलेली पद्धत त्यांपैकीच आहे, आणि ती पुस्तकात पाहून करण्यासारखी नाही. पण तीन गोष्टी घरी करण्याजोग्या आहेत. पहिली, उताणे झोपून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलणे आणि पाच श्वास तेथेच थांबणे. दुसरी, रांगत्या बाळासारखे हातापायांवर येऊन उजवा हात व डावा पाय लांबवणे, मग उलट. तिसरी मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे : ज्या बाजूच्या फासळ्या फुगीर आहेत त्या कुशीवर झोपावे, फुगीर भागाखाली जुन्या लुगड्याची हातभर रुंद घडी ठेवावी, वरचा हात डोक्यापलीकडे न्यावा आणि वरच्या, म्हणजे दबलेल्या बाजूच्या फासळ्यांत सावकाश श्वास भरावा. तेथे आपल्याच हाताचा तळवा ठेवला तर दहा-बारा श्वासांनंतर ती बाजू उघडल्यासारखी जाणवते. अनेकांना छातीत एका बाजूला आणि कमरेत विरुद्ध बाजूला असे दोन बाक असतात, त्यामुळे कोणती कूस खाली घ्यायची हे पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून पाहून घ्यावे. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो; त्या एका फेरीत सर्व दाखवून घ्या. दररोज वीस मिनिटे, किमान तीन महिने. याने अंश कमी होतील असे मी म्हणणार नाही. दुखणे कमी होते आणि दिवसाच्या शेवटी पाठीत बळ उरते, एवढे मी स्वतःच्या पाठीवरून सांगू शकते.

पट्ट्याने बाक रोखला जातो तो वाढत्या वयातच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही, तर नुसते लक्ष ठेवलेल्या मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होते. वाढ संपल्यानंतर पट्टा बाक सरळ करीत नाही. फार दुखत असेल त्या दिवशी कामाचे दोन-तीन तास बांधला तर हरकत नाही. रोज दिवसभर बांधाल तर जे स्नायू तुम्हाला सांभाळतात तेच ढिले पडतील. झोळ पडलेल्या बाजेवर झोपत असाल तर तिच्या दोऱ्या ओढून घ्या किंवा जमिनीवर कापसाची गादी टाका, आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवा.

प्रश्न : वरुड तालुक्यात माझी संत्र्याची बाग आहे. वय ४२. झाडावरून पडल्यावर काढलेल्या एक्स-रेत कण्याला २४ अंशांचा बाक निघाला. तोपर्यंत मला त्याचा पत्ताही नव्हता. फवारणीच्या दिवसांत कंबर फार धरते. गावातले एक गृहस्थ झटका देऊन मणके बसवतात, शेजारची पायाळू मुलगी पाठीवर पाय देते तेव्हा बरे वाटते, आणि शहरात एकाने वीस बैठकांत कणा सरळ करून देतो म्हणून मोठी रक्कम सांगितली आहे. कोणाकडे जावे?

उत्तर : भाऊ, यांपैकी कोणाकडेही जाऊ नये. हाडांची वाढ संपलेल्या माणसाचा कणा तेलाने, झटक्याने, ओढण्याने किंवा यंत्राने सरळ होत नाही, मग बैठका वीस असोत की दोनशे. चोळल्यावर दोन दिवस हलके वाटते ते आखडलेले स्नायू सैल होतात म्हणून. त्यात खोटे काही नाही, पण त्यासाठी गरम पाण्याची पिशवीही चालते. पायाळू माणसाने उसण काढण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि नुसता पायाचा स्पर्श करण्यापुरती ती असेल तर मी वाद घालणार नाही. परंतु पाठीवर कोणी उभे राहू नये. फिरलेल्या फासळ्यांवर भार पडला तर त्या मोडतात, आणि मणक्याचा क्षयरोग असेल किंवा हाडे ठिसूळ झाली असतील, जे बाहेरून दिसत नाही, तर मणका खचून पायांतली शक्ती जाऊ शकते.

दुसरे असे की तुमच्या कंबरदुखीचे सगळे खापर या बाकावर फोडू नये. २४ अंशांचा बाक तुमच्यासोबत पंचवीस-तीस वर्षे गुपचूप राहिला आहे आणि तो आता वाढण्याची शक्यताही कमी आहे. दुखते ते फवारणीच्या दिवसांत, हे तुम्हीच लिहिले आहे. सोळा लिटरचा पंप भरला की पाणीच सोळा किलो होते, त्यात पंपाचे वजन वेगळे. तो जमिनीवरून पाठीवर घेताना आपण वाकतो आणि त्याच क्षणी पिळतोही. कमरेला याहून वाईट हालचाल नाही. पंप कमरेइतक्या उंचीवर, बैलगाडीच्या किंवा ट्रॉलीच्या कडेवर ठेवून, पाठ टेकवून दोन्ही पट्टे एकाच वेळी चढवावेत. पट्टे सारख्या लांबीचे करून पंप पाठीला घट्ट बसवावा आणि दहा लिटरच्या वर भरू नये. दांड्याचा पंप असेल तर तो हापसताना एकच बाजू तासन्‌तास राबते, म्हणून बॅटरीचा पंप घ्यावा. त्या शहरी बैठकांसाठी जी रक्कम बाजूला काढली असेल, ती येथे सत्कारणी लागेल. झाडावरून पडल्यापासून पायात मुंग्या, बधिरपणा किंवा कळ जात असेल तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवा.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे, खासगी शाळेत शिकवते. माझा बाक ४३ अंशांचा आहे. लग्नाची बोलणी सुरू आहेत आणि घरचे म्हणतात की पाहुण्यांना काही सांगू नकोस, पदर नीट घेतला की दिसत नाही. मला बाळंतपण झेपेल काय? मुलांना हे होईल काय? शस्त्रक्रिया आधीच करून घ्यावी काय?

उत्तर : बाळंतपण झेपेल. स्कोलिओसिस असलेल्या स्त्रियांची गर्भारपणे सर्वसाधारणपणे इतरांसारखीच पार पडतात, नैसर्गिक प्रसूतीही होते. शेवटच्या महिन्यांत कंबर अधिक दुखू शकते. एक काळजी आवर्जून घ्यावी : सिझेरियनची वेळ आली तर कमरेत भुलीचे इंजेक्शन देताना वळलेल्या मणक्यांमध्ये सुई घालणे कठीण जाऊ शकते, म्हणून सातव्या महिन्यातच एक्स-रेचा जुना अहवाल घेऊन भूलतज्ज्ञांना भेटावे आणि प्रसूती जेथे भूलतज्ज्ञ हजर असतात अशा रुग्णालयात ठरवावी. रात्री दोन वाजता, कळा सुरू असताना, ही गोष्ट पहिल्यांदा सांगण्याची वेळ येऊ देऊ नये. गर्भारपणात एक्स-रे काढावा लागू नये म्हणून ताजा एक्स-रे आताच काढून ठेवा.

मुलांना होईलच असे नाही, पण कुटुंबात कोणाला असेल तर शक्यता सर्वसाधारणापेक्षा थोडी वाढते. मूल नऊ-दहा वर्षांचे झाले की वर्षातून दोनदा त्याला दोन्ही तळहात जोडून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगावे आणि मागे उभे राहून पाठीच्या दोन्ही बाजू सारख्या उंच आहेत का ते पाहावे. या तपासणीला १८६५ मध्ये ती सांगणाऱ्या विल्यम ॲडम्स यांचे नाव आहे. तिला कोणतेही उपकरण लागत नाही आणि तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा तुमच्या वर्गातल्या मुलींसाठीही ती करता येईल.

शस्त्रक्रियेची घाई करू नका. मोठ्या माणसांत तिचा विचार होतो तो बाक ४५ ते ५० अंशांच्या पुढे जाऊन वाढत असेल, दुखणे कशानेच आवरत नसेल किंवा मज्जातंतूंवर दाब येत असेल तेव्हा. स्क्रू आणि सळ्या बसवून मणके कायमचे एकमेकांना सांधले जातात. तेवढा भाग नंतर वाकत नाही. श्वासावर ठळक परिणाम होतो तोही बहुधा ८० अंशांच्या पुढच्या छातीतील बाकांत. ४३ अंश ही मर्यादेजवळची संख्या आहे, म्हणून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, एम्समध्ये किंवा सेवाग्रामला अस्थिरोग विभागात एकदा दाखवावे आणि दोन-तीन वर्षांच्या अंतराने तुलना करावी. शस्त्रक्रिया ठरलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते काय हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांना विचारावे.

लपवण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. लपवू नका. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या आईनेही पदराचाच उपाय सुचवला होता. मी मुलाला चहाच्या वेळी, घरचे शेजारी बसलेले असताना, एक्स-रेच दाखवला. त्याने तो उजेडाकडे धरून पाहिला आणि “दुखते काय?” एवढेच विचारले. सर्वांनाच असा माणूस भेटेल असे मी म्हणत नाही. काही स्थळे परत जातील. पण तुम्हाला रोज वीस मिनिटे ज्या घरात जमिनीवर आडवे होऊन व्यायाम करायचा आहे, त्या घरापासून हे लपून राहणारच नाही, आणि लपवलेले उघड झाल्यावर जे ऐकावे लागते ते बाकापेक्षा जड असते.

प्रश्न : वय ४८. लहानपणी पोलिओ होऊन डावा पाय बारीक व आखूड राहिला. दारव्ह्याजवळ शिवणकामाचे दुकान आहे. आता कणाही वाकला आहे असे डॉक्टर म्हणतात. दिव्यांग प्रमाणपत्र या बाकावर मिळते काय?

उत्तर : भाऊ, पाय आखूड असला की कमरेचे हाड त्या बाजूला खाली झुकते आणि तोल सांभाळण्यासाठी कणा कलतो. स्टुलावर सपाट बसल्यावर बाक नाहीसा होत असेल तर तो पायामुळे आहे. बसल्यावरही राहत असेल तर पोलिओने पाठीचे स्नायूही कमजोर झाले असावेत. पहिल्या प्रकारात चपलेची टाच उंच करून घेतल्याने खूप फरक पडतो, पण सगळी उंची एकदम भरू नये. थोडी वाढवावी, महिनाभर सवय होऊ द्यावी, मग पुन्हा वाढवावी. शिवणयंत्राचे पायटे एकट्या उजव्या पायाने मारत असाल तर मोटर बसवून घ्या आणि दर अर्ध्या तासाने उठून कापडाचे तागे आवरण्यासारखे उभ्याचे काम काढा. याच संदर्भात पूर्व विदर्भातील वाचकांसाठी एक गोष्ट लिहिते ती विसरू नये : सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा थांबून माणूस लंगडू लागतो आणि त्यामुळेही कंबर कलते. अशा वेळी पाठीचा उपचार करत बसण्यात वेळ जातो. खुब्याचा एक्स-रे आधी काढावा.

प्रमाणपत्राविषयी : २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. नुसत्या मध्यम बाकावर तेवढे टक्के भरणे अवघड असते, परंतु पोलिओचा पाय आणि कणा यांचे मूल्यमापन एकत्र होते. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयातील मंडळापुढे दोन्हींचे कागद न्या.

प्रश्न : माझी आई ६४ वर्षांची, मुक्काम साकोली तालुका. तिची पाठ आधी सरळ होती. गेल्या पाच-सहा वर्षांत कंबर डावीकडे कलली आणि उंचीही कमी झाल्यासारखी वाटते. शंभर पावले चालली की दोन्ही पाय जड होतात, बसली की बरे वाटते. एका ठिकाणाहून आणलेल्या काळ्या पुड्या घेतल्या की दुखणे थांबते. ती या पावसाळ्यात पुन्हा रोवणीला जायचे म्हणते.

उत्तर : तुमच्या आईचा बाक वरच्या ताईंच्या बाकासारखा नाही. पन्नाशीनंतर मणक्यांमधल्या चकत्या आणि सांधे एका बाजूने अधिक झिजले की पूर्वी सरळ असलेला कणाही कलतो. त्याच झिजेने मज्जातंतूंची वाट अरुंद होते. चालताना पाय जड होणे आणि पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर मोकळे वाटणे, हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. बाजारात आई सायकलचा किंवा हातगाडीचा दांडा धरून वाकून अधिक लांब चालू शकतात काय, हे पाहा. तसे असेल तर निदान जवळजवळ पक्के समजावे. उंची कमी झाली असेल तर एखादा मणका खचला आहे काय, तेही पाहायला हवे.

सर्वांत आधी त्या पुड्या बंद करायला हव्यात, पण एकदम नव्हे. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने दुखणे जादूसारखे थांबते आणि महिनोन्‌महिने घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. फार दिवस घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवणेही धोक्याचे असते, म्हणून पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती दिवसांपासून घेत आहे ते न लाजता सांगा. कमरेचा उभ्याने एक्स-रे, हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी करून घ्या. रात्री झोपेतून जागे करणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, यांपैकी काही असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेत सुरू केले तर माणूस पूर्ण बरा होतो. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

चालण्यासाठी त्यांना काठी द्या, आणि ती कलत्या बाजूच्या हातात देऊन पाहा. ज्या हाताने आधार घेतल्यावर खांदे सारखे होतात तो हात योग्य. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे चालणे, मध्ये ओट्यावर बसणे, आणि उताणे झोपून एकेक गुडघा छातीशी घेणे, एवढा व्यायाम सुरुवातीला पुरे. मणका खचलेला नाही अशी खात्री होईपर्यंत गुडघा छातीशी घेण्याचा व्यायामही करू नये.

रोवणीचे म्हणाल तर यंदा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरू देऊ नका. चिखलात पाय रुततो, तो उपसताना कंबर पिळली जाते, आणि दिवसभर वाकून मागे मागे सरकायचे असते. अरुंद झालेल्या कण्याला वाकणे मानवते, पण ठिसूळ मणक्याला ते मानवत नाही. तरी त्यांना घरी बसवूनही ठेवू नका. रोवणीच्या दिवसांत सगळा गाव बांधीत असताना एकटीच अंगणात बसून राहिलेली बाई दुखण्याशिवाय दुसरे काय आठवणार? पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या बांधण्याचे काम धुऱ्यावर स्टुलावर बसून होते. पेंढ्या मांडीच्या उंचीवर येतील असे एखादे खोके पुढे ठेवा आणि ते काम त्यांच्याकडे द्या. हाडांच्या तपासणीत काय निघाले ते पत्राने कळवा, म्हणजे पुढच्या हंगामाविषयी नीट सांगता येईल.